तोंडी परीक्षेत काय विचारतात?

दहिवलीहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

फवारणीचा ड्रोन शिकायचा म्हटलं की बऱ्याच जणी पुढे येतात. पण तोंडी परीक्षा असते असं कळलं, की "माझ्याऐवजी पोराला पाठवा" सुरू होतं. नमो ड्रोन दीदी योजनेत पायलटचं प्रशिक्षण गटातल्या बाईला आहे. एकूण १५ दिवस: ५ दिवस ड्रोन उडवण्याचे, १० दिवस फवारणीचे. घरचं माणूस मदतनीस म्हणून शिकू शकतं. आपण परीक्षेलाच बसलो नाही, तर रिमोट कोणाच्या हातात जाईल ते सांगायला नको!

अट फार नाही. वय १८ ते ६५ आणि दहावी पास. पूर्वी पासपोर्ट मागत. सप्टेंबर २०२३ पासून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो.

सुरुवातीला नियम विचारतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती उंची २०० फूट. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. इथे एक गोंधळ होतो. औषधाच्या डब्यावरही लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, तो विषाचा. लाल सगळ्यात जहाल. प्रश्न नकाशाचा आहे की डब्याचा, ते नीट ऐकायचं.

ड्रोनचं वजन विचारलं तर टाकी भरल्यावरचं सांगायचं. २ किलोच्या वर ते २५ किलोपर्यंत 'स्मॉल' वर्ग, त्यापुढे १५० पर्यंत 'मिडियम'.

पण खरी परीक्षा "काय कराल?" या प्रश्नांत आहे. आणि ती आपल्याला जास्त जमते. भाताला खोडकिडा लागलाय, वारा सुटलाय, शेजारच्या बांधाला विहीर आहे, काय कराल? फवारणी थांबवायची. औषध विहिरीत उडालं तर पिणार कोण? बॅटरी फुगलीय, काय कराल? वापरायची नाही, चार्जही करायची नाही. उडताना संपर्क तुटला तर? ड्रोन निघाल्या जागी परत येतो, पण येताना किती उंचीवरून यायचं ते आपण आधी भरलेलं असतं. वाटेतल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा आणि तारांपेक्षा ती जास्त हवी. आपल्या तालुक्यात भिवपुरीचं वीजकेंद्र आहे, उच्च दाबाच्या तारा नवीन नाहीत. तारांजवळ ड्रोनचा होकायंत्र भरकटू शकतो, हेही सांगावं.

पाठ केलेलं भराभर म्हणू नका. परीक्षक मध्येच "का?" विचारतात आणि पाठांतर तिथेच अडतं. प्रश्न कळला नाही तर "सर, परत सांगा" म्हणावं. उत्तर येत नसेल तर ठोकून देण्यापेक्षा "माहीत नाही, पुस्तिकेत पाहून मगच उडवीन" हे बरं. मराठीत उत्तर चालतं का, ते प्रवेश घेतानाच विचारून घ्या.

आम्ही पाच जणी दर गुरुवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, एकमेकींना प्रश्न विचारतो. एकीने परीक्षक व्हायचं आणि मुद्दाम कडक बोलायचं. हसू येतं, पण तोंड उघडतं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकांनीही यावं. दहावीचं प्रमाणपत्र सापडत नसेल, तर तेवढं शोधायला मात्र आजच लागा.