इन्शुलिनची गोळी का नाही?



ज्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे, तेथे एक प्रश्न हटकून निघतो : इन्शुलिनची गोळी का नसावी? १९२२ साली टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या मधुमेही मुलास इन्शुलिन टोचले गेले. २००३ साली वोखार्ट कंपनीने आपल्या शेजारच्या, त्या वेळच्या औरंगाबादेत ते जैवतंत्राने तयार केले. परंतु सुई सुटली नाही.

कारण इन्शुलिन हे प्रथिन आहे. डाळीतील प्रथिनाप्रमाणेच पाचकरस त्याचे तुकडे करतात. शिवाय एवढा मोठा रेणू आतड्याच्या अस्तरातून सहजी रक्तात उतरत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी योजलेला उपाय असा : कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, अथवा समुद्रशैवालातील अल्जिनेट, यांच्या अतिसूक्ष्म कणांत इन्शुलिन कोंडावयाचे. शेंगेत तुरीचा दाणा राहतो, तद्वत ते आत सुरक्षित राहते. कायटोसान अस्तरास चिकटून पेशींमधील सांधे काही वेळ सैल करते. प्राण्यांवरील प्रयोगांत याने रक्तशर्करा उतरली. तथापि मात्रेचा बराच भाग वाया जातो, आणि रक्तात किती पोचेल याचा नेम नसतो. इन्शुलिन कमी पडले अथवा अधिक झाले, तरी प्राणावर बेतते. म्हणून अशा कणांची गोळी अद्याप नित्योपचारात आलेली नाही.

तेव्हा, बंधुभगिनींनो, कोणी चूर्णाची पुडी दाखवून सुई सोडण्यास सांगितले, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून ती बंद करू नका.