आधी चेंडू थांबवायला शिका

(संस्थेच्या वार्षिक मित्रमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी एका मंडळीत आमच्या कामाची माहिती सांगून मी खाली उतरलो, तेव्हा एका वयस्कर मावशींनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "भाऊ, मुलांना वह्या द्या, पांघरुणं द्या. आमच्या दानातून फुटबॉल कशाला?" प्रश्न रास्त होता. देणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आमच्या वसतिगृहातली मुले सातपुड्यातली, भिल्ल आणि पावरा. डोंगर चढायला त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. चेंडू टाकला की सगळी एकदम त्याच्यामागे धावतात. प्रत्येकाला मेस्सीसारखे तिघांना चकवून गोल मारायचा असतो. आलेला पास नीट थांबवायचा मात्र कोणालाच नसतो.

मोठे खेळाडू काय करतात ते पाहा. ९० मिनिटांच्या सामन्यात व्यावसायिक खेळाडू साधारण १० ते ११ किलोमीटर अंतर कापतो. त्यातले बरेचसे चालणे आणि हळू पळणे असते, जोराची धाव थोडीच. आणि चेंडू त्याच्या स्वतःच्या पायाशी किती वेळ असतो? सारे मिळून जेमतेम दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात तो पहिल्या स्पर्शाला काबूत आला नाही, तर बाकीचे सगळे धावणे फुकट. म्हणूनच बार्सिलोनासारख्या क्लबातले नामवंत खेळाडूही सरावात रिंगण करून उभे राहतात, मध्ये एक-दोघे, आणि बाहेरच्यांनी एक-दोन स्पर्शांत चेंडू फिरवत ठेवायचा. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. पण खेळाचा पाया तोच आहे.

आपल्या देशातही हे जाणणारा माणूस होऊन गेला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळ पेशा शिक्षकाचा. खेळाडूंना लवकर पास देण्याची सवय लागावी म्हणून त्यांनी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या, आणि फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धाही. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेऊन आला.

आम्हीही रोज अर्धा तास फक्त पास देणे आणि थांबवणे सुरू केले, तेही डाव्या पायाने. मुले आठवडाभर कुरकुरली. पण एक गोष्ट घडली. जी लहानखुरी मुले कडेला उभी राहायची, त्यांच्याकडेही चेंडू येऊ लागला. पास द्यायचा म्हणजे दुसऱ्याकडे पाहावे लागते. मावशी, माझ्या उत्तराचा पहिला भाग हा.

आता दमसासाकडे येतो, आणि इथे मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी सामने जवळ आले होते. मार्च महिना, ऊन चढलेले. मुलांचा दम वाढावा म्हणून मी रोज मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. जो मागे राहील त्याला दोन जास्त. सातवीतला एक मुलगा रोज मागे राहायचा. एकदा म्हणाला, "सर, पाय ठणकतात." मी म्हणालो, "आळस सोड." चौथ्या रात्री तो गुडघे पोटाशी घेऊन रडत होता. जीपने रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिले आणि मला विचारले, "याला पाणी किती पाजता?" मला उत्तर देता आले नाही. मुलाला सिकलसेल होता.

वडील डोंगरावरून आले. मला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, "सर, याची बहीण पण अशीच रडायची." ती बहीण आज नाही.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. पाणी कमी पडले, शरीर फार शिणले, थंडी लागली, की त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आईबापांकडून मुलांत येतो. मी ज्याला आळस म्हटले, ते त्याचे रक्त होते.

हे व्यावसायिक खेळाडूंनाही चुकलेले नाही. फ्रान्सचा लासाना दियारा २०१० च्या विश्वचषकाला मुकला, तो याच आजारामुळे. आल्प्समध्ये उंचावरच्या सराव शिबिरात त्याला त्रास सुरू झाला होता. त्याच्याजवळ संघाचे डॉक्टर होते. आमच्या मुलाजवळ मी होतो.

मोठ्या क्लबांत खेळाडूला मैदानावर उतरवण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी होते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी दिले जाते. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये आर्सेनलचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी आधी खेळाडूंच्या ताटात लक्ष घातले. दमसास शिक्षेने वाढत नाही. अन्न, पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव यांनी वाढतो. मी नेमके उलटे केले होते.

आता आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी होते. शासनाने १ जुलै २०२३ रोजी यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, तिचा आम्ही लाभ घेतो. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी आहे, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी होते आणि सगळे पाणी पितात. शिक्षेच्या फेऱ्या बंद. तो मुलगा आता नववीत आहे. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच खेळतो, आणि ती शिट्टी तोच वाजवतो.

एक नाव सांगून थांबतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा कर्णधार कोण होता? तालिमेरेन आओ. नागा आदिवासी, पाळकांचा मुलगा. त्याने वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि डॉक्टर होऊन आपल्या लोकांत परत गेला. खेळ आणि सेवा यांत त्याला एकच निवडावे लागले नाही.

करिंथकरांस लिहिताना पौलानेही शर्यतीत धावणाऱ्यांचेच उदाहरण घेतले. धावणाऱ्याच्या संयमाबद्दल तो बोलतो. तो अध्याय मी कितीदा तरी शिकवला होता. पण संयम शिकवणाऱ्यानेही पाळायचा असतो, हे मला सातवीतल्या मुलाने शिकवले.

म्हणून माझी विनंती लहान आहे. बूट आणि चेंडू नंतर. आधी दर आठवड्याला अंडी आणि शेंगदाणे पुरतील एवढी मदत, आणि तुमच्या मंडळीत कोणी डॉक्टर किंवा परिचारिका असतील तर त्यांचे वर्षातले दोन दिवस. आणि त्या मुलासाठी प्रार्थना. त्याच्या वडिलांसाठीही.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.