होडीवर सोलर बसवण्याआधी

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. अशा होडीला बॅटरीवरची मोटर लावावी आणि वर सोलर पॅनेल टाकावं, असा विचार तुमच्या गटात चालला असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "ताई, किती वॅटचं देऊ?" लगेच उत्तर देऊ नका. आधी होडी दिवसाला किती वीज खाते ते काढा. मोटर बॅटरीवर चालते, पॅनेल ती बॅटरी भरतं. घरच्या पाण्याच्या टाकीसारखंच आहे. नळाची धार बारीक असली तरी दिवसभरात टाकी भरते, आणि आपण मात्र बादल्या भराभर उपसतो.

समजा, आठ माणसांची होडी आहे आणि सावकाश चालताना मोटर दीड हजार वॅट घेते. चाळीस मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्या केल्या म्हणजे दोन तास. खर्च झाला ३ युनिट, आपल्या लाइट बिलात असतात तेच युनिट. ओहोटीच्या ओढीविरुद्ध जायचं तर जास्त लागेल. आणि वेग वाढवलात तर खर्च कितीतरी पट वाढतो, म्हणून होडी हाकणारीला हे आधी समजावून सांगा.

आता पॅनेल. हल्ली मिळणारं साधारण ५५० वॅटचं काचेचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडं रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. अशी दोन एकामागे एक टाकली, तर कोकणातल्या चांगल्या उन्हात दिवसाला तीन-साडेतीन युनिट मिळावेत. हिशेब जुळला! पण दोन पॅनेलचे ५६ किलो, वर त्यांचा सांगाडा, हे सगळं वजन डोक्याच्या वर. दीड मीटर रुंदीची होडी त्या वजनाने जास्त झुलते, आणि माणसं एका बाजूला वाकली की धोका वाढतो. छप्पर चढवण्याआधीच मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरला विचारा, नंतर नको.

केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सोलर फेरीबोट ७५ प्रवासी नेते. तिच्यावर २० किलोवॅटची पॅनेलं आहेत. पण ती जुळ्या तळाची, रुंद बोट आहे, म्हणून ते छप्पर तिला पेलतं. तिचा फोटो दाखवून कुणी आपल्या होडीचं गणित मांडू लागलं तर ऐकू नका.

हलकी, वाकणारी पॅनेलं मिळतात. वजनाला फार चांगली, पण खालून वारा लागला नाही की तापतात आणि काचेच्या पॅनेलइतकी टिकत नाहीत. गटाने पाच वर्षांचं कर्ज काढलं असेल तर हप्ते संपेपर्यंत पॅनेल टिकेल का, हे लेखी विचारा. वॉरंटी होडीवर बसवल्यावरही लागू राहते का, हेही लेखीच घ्या.

माझं मत विचाराल तर छोट्या होडीसाठी पॅनेल जेटीवरच्या शेडच्या पत्र्यावर बसवावं. तिथे दक्षिणेकडे उतार देता येतो, वजनाची भीती नाही, आणि कांदळवनाच्या फांद्यांची सावलीही नाही. सावली फार नडते. पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज सावलीच्या मानाने बरीच जास्त घटते. दुपारी होडी बांधली की वायर लावायची. मोसमात दिवसभर फेऱ्या असतील तर मात्र दुसरी बॅटरी ठेवावी लागेल. बॅटरी लिथियम फॉस्फेटची घ्या. शिशाची स्वस्त पडते, पण तेवढ्याच कामाला तिचं वजन कितीतरी जास्त भरतं.

पॅनेल कुठेही बसवा, खाऱ्या हवेचं विसरू नका. खाऱ्या हवेची चाचणी झालेलं पॅनेल मागा, नटबोल्ट चांगल्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, गोड्या पाण्याने पॅनेल धुवा आणि जोडाला हिरवट बुरशीसारखं काही आलंय का पाहा. आलं असेल तर हात लावू नका, फिटरला बोलवा.