शितावरून भाताची परीक्षा
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. खात्याकडून आलेली टक्केवारी प्रसिद्धिपत्रकात घालणे, एवढाच माझा आकड्यांशी संबंध. ती कशी काढली, हे मी विचारीत नसे. ते विचारणे किती अगत्याचे आहे, हेच आज सांगावयाचे आहे.

समजा, एका तालुक्यात १०,००० कुटुंबे आहेत. ८,००० खेड्यांत व २,००० शहरात. नळजोडणीच्या पाहणीसाठी दोन्हीकडची शंभर-शंभर घरे निवडली. खेड्यांतील ४० घरी नळ आढळला, शहरातील ९० घरी. दोनशेपैकी १३०, म्हणजे ६५ टक्के, असा हिशेब कोणीही करील. परंतु तो चूक आहे. पाहणीतील खेड्याचे एक घर ८० घरांचे प्रतिनिधित्व करते, तर शहरातील घर केवळ २० घरांचे. हा ‘भार’ विचारात घेतला, तर खेड्यांतील ३,२०० व शहरातील १,८०० मिळून ५,००० घरे, म्हणजे ५० टक्केच भरतात. पहिला आकडा मान्य केला असता, तर नळ नसलेली १,५०० घरे योजनेतून वगळली गेली असती! शितावरून भाताची परीक्षा होते. पण येथे पातेली दोन आहेत, हे विसरून चालणार नाही.

अनेक तालुके आणि अनेक स्तर असले, की हा हिशेब हाताने करणे कठीण. त्यासाठी ‘आर’ ही संगणकभाषा उपयोगी पडते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती निर्माण केली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती विनामूल्य आहे. तिचे खरे बळ तिला जोडावयाच्या पूरक पॅकेजेसमध्ये आहे. ‘क्रॅन’ या भांडारात अशी वीस हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. ‘रीडएक्सएल’ कार्यालयातील एक्सेल तक्ते वाचते. ‘डीप्लायर’ गावनिहाय गट पाडून बेरजा करते. ‘जीजीप्लॉट-२’ आलेख काढते. ‘एसएफ’ नकाशे हाताळते. थॉमस लुमली यांचे ‘सर्व्हे’ हे पॅकेज तर नेमके आपल्या कामाचे. स्तर आणि भार सांगितले, की ते योग्य टक्केवारी देते. शिवाय तीत किती कमीअधिक संभवते, तेही सांगते.

मात्र भार कोणता, हे पॅकेजला आपोआप कळत नाही. ते पाहणी करणाऱ्यानेच नोंदवावयाचे असते. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंबवार माहितीबरोबर असे गुणक दिलेले असतात, ते याचसाठी. आणि रस्त्यालगतचीच घरे सोयीने निवडली असतील, तर कोणतेही पॅकेज ती चूक पुरती भरून काढू शकत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. यापुढे टक्केवारी समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत: घरे किती पाहिली? ती कशी निवडली? भार लावला होता काय? शिक्षकांनी हे वर्गात शिकवावे, सदस्यांनी ग्रामसभेत विचारावे आणि अधिकाऱ्यांनी टिपणीत उत्तर नमूद करावे. मीही आता ते विचारल्यावाचून प्रसिद्धिपत्रक लिहीत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!