जुनी मोटार आणि चोरवाटेची हवा



वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, किंवा बंगालमधील उत्तरपाड्याहून आलेली अँबॅसडर, आज सुरतेच्या रस्त्यांवर क्वचितच दृष्टीस पडते. पहिलीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, दुसरीचे २०१४ साली. तरीही काही घरांनी ती निगुतीने सांभाळली आहे, आणि अशा घरी एक तक्रार हमखास ऐकू येते : गाडी रस्त्यावर उत्तम पळते, पण चौकात थांबली की थरथरते आणि बंद पडते. यावर बहुधा एकच उपाय केला जातो : पेचकस घेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावयाचा. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, तो स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावयाचा असतो.

याचे कारण इंजिनाच्या श्वसनात आहे. दट्ट्या खाली जाताना सिलिंडर हवा ओढून घेतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. ओढ चालूच राहते, परंतु हवेची वाट अरुंद होते, आणि झडपेच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये अंशतः पोकळी निर्माण होते. हिलाच व्हॅक्यूम म्हणतात. तिच्या ओढीने मंदगतीच्या जेटमधून पेट्रोलचा नेमका अंश येत असतो. आता या भागात कोठे बारीकशी फट पडली, तर तेथून हवा शिरते; पण तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होते. गाडी वेगात असताना इंजिन इतकी हवा घेत असते की ही चोरटी हवा तीत हरवून जाते. चौकात मात्र तिचा वाटा मोठा ठरतो, आणि इंजिन अडखळते.

याच्या नेमका उलटा एक विकार आहे. सुरतेतील कितीतरी मराठी कुटुंबे सुट्टीत खानदेशाकडे जातात. वाटेत कोंडाईबारीच्या घाटात चढावर गाडी धापा टाकू लागली, पण सपाटीवर उभी असता शांतपणे चालत असली, तर हवेची फट शोधू नये. तेथे पेट्रोल कमी पडत आहे. पंप, गाळणी, मुख्य जेट, किंवा मे महिन्याच्या उन्हात नळीतच झालेली पेट्रोलची वाफ, यांपैकी काहीतरी आडवे आले आहे. चौकात दम तुटतो की चढावर, हा प्रश्न प्रथम विचारला म्हणजे निम्मे काम होते.

प्लग, पॉइंट आणि ठिणगीची वेळ ठीक असल्याची खात्री करून मग व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडावा. गरम झालेले निरोगी इंजिन मंदगतीवर बहुधा पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखविते आणि काटा स्थिर राहतो. काटा स्थिर, पण तीन-चार इंच खाली असला, तर फटीचा संशय घ्यावा. तो तालात वारंवार खाली झुकत असला, तर एखाद्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे पाहावे. सुरत समुद्रसपाटीजवळ आहे. तीच गाडी सुमारे ३००० फूट उंचीच्या सापुताऱ्यास नेली, तर काटा तीनएक इंच कमी दाखवील. तो दोष उंचीचा; गाडीचा नव्हे.

फट शोधण्यास भारी साधने लागत नाहीत. मंदगतीवर चोक किंचित ओढून पाहावा. इंजिन सावरले, तर मिश्रण पातळ आहे हे निश्चित. मात्र मंदगतीचा जेट तुंबला असला तरीही असेच घडते, म्हणून तो काढून साफ करावा. नंतर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलकेच दाबाव्यात. कार्ब्युरेटरच्या तळाचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डचा सांधा यांवर तेलदाणीतून इंजिन ऑइलचे थेंब सोडावेत. ज्या ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलेल, तेथे चोर सापडला. थ्रॉटलची दांडी जुन्या कार्ब्युरेटरमध्ये झिजून सैल होते, तीही हलवून पाहावी. या तपासणीसाठी पेट्रोल मात्र कदापि शिंपडू नये. जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो, आणि आग लागण्यास क्षण पुरतो.

आता एक नवी गोष्ट. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे जुन्या जेटमधून हे इंधन गेले की मिश्रण मुळातच थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि ते ओलावा शोषून घेते. सुरतेच्या दमट पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीने याची विशेष धास्ती बाळगावी. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि गाडी अधूनमधून चालवावी.

एवढे झाल्यावर स्क्रू फिरविण्यास हरकत नाही. फट तशीच ठेवून तो सैल केला, तर थरथर काही दिवस थांबते खरी. पण फटीजवळच्या सिलिंडरला मिश्रण पातळच मिळते आणि इतरांना गरजेपेक्षा दाट. एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढतो, इतरांचे प्लग काजळीने भरतात, आणि पेट्रोल जाते ते निराळेच. एका पॅकिंगची किंमत वाचविताना हेड उतरविण्याची पाळी येते. ज्या गाडीचा कारखानाच आता ती काढीत नाही, तिच्या बाबतीत हा व्यवहार फार महाग पडतो. म्हणून आधी कान द्यावा, मग काटा पाहावा, आणि पेचकस सर्वांत शेवटी उचलावा.