हृदय थकल्यावर आयुष्य किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘हार्टफेल झाले’ असे आपल्याकडे म्हटले, की माणूस गेला असेच समजायचे. डॉक्टर मंडळी ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा मात्र हृदय बंद पडलेले नसते. ते थकलेले असते. शरीराला हवे तितके रक्त त्याच्याने पुढे ढकलवत नाही. मग पाणी पायांत उतरते, फुप्फुसांत साठते. म्हातारी माणसे उशाला दोनदोन उशा घेऊ लागतात, रात्री धाप लागून उठून बसतात, आणि आपण म्हणतो, वय झाले!

असे माणूस किती वर्षे जगते? केरळात तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांत २०१३ साली या आजाराने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा पुढे पाच वर्षे मागोवा घेतला गेला. वर्षभरात सुमारे ३० टक्के गेले, पाच वर्षांत ५९ टक्के. आकडा ऐकून छातीत धस्स होते खरे. पण हे सारे इस्पितळात दाखल करण्याइतके आजारी होते. त्यांतही ज्यांना योग्य औषधे मिळाली त्यांची स्थिती बरी राहिली. आणि शंभरांतले एकेचाळीस पाच वर्षांनंतरही होते, हे का विसरावे? वय, मधुमेह, मूत्रपिंडे यांवर पुष्कळ अवलंबून असते. एकट्या माणसाचे वर्ष कुणी डॉक्टर सांगू शकत नाही.

औषधांची कथाही ऐकण्याजोगी आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने डिजिटालिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. सूज उतरवणारा तो पाला त्याला कळला एका म्हातारीच्या गुप्त औषधावरून. तिचे नाव मात्र त्याने दिले नाही! आज त्याहून कितीतरी चांगल्या, आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

उरलेले काम आपल्या स्वयंपाकघरात आहे. दिवसाचे मीठ सगळे मिळून चहाच्या चमच्याच्या आत, सैंधवही मीठच. आपल्या इंद्रायणीच्या भाताला मीठ लागतच नाही, पण पापड, लोणचे, सांडगी मिरची, येथे गाडी अडते. आमच्या सासूबाईंनी लोणच्याची बरणी सोडायला आठ दिवस घेतले. वजन रोज सकाळी, शौचानंतर, चहापूर्वी करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंग भरणे नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

सासूबाईंनीच एकदा मला विचारले, “अगं, नातीच्या लग्नापर्यंत आहे का मी?” घरातले म्हणाले, असे बोलू नये. मी म्हटले, “आई, ते कुणालाच ठाऊक नाही. पण तुम्हांला काय हवे, काय नको, ते सांगून ठेवा.” त्या म्हणाल्या, “धाप लागली तर दवाखान्यात न्या. पण आशा उरली नसेल तर यंत्राला लावू नका, घरी आणा.” मुलांनी ऐकून घेतले. त्या रात्री त्या शांत झोपल्या. झोप आम्हांलाच लागली नाही.

एक राहिले. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या पुष्कळशा गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. तेव्हा तळेगावला दाखवायला निघाल तर बेगडेवाडीला लोकलमध्ये चढण्यापूर्वी घरातली गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता.