बातमी, खुर्ची आणि डालडाचा डबा

(गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



दर वर्षी या व्यासपीठावर कुणी आरोग्यावर बोलतं, कुणी संतसाहित्यावर. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला सचिवांनी विचारलं, "काका, तुम्ही कशावर बोलाल?" मी म्हटलं, "टीव्हीवर." ते हसले. त्यांना वाटलं, काका आता सासू-सुनांच्या मालिकांना झोडपणार. तसं काही नाही. मला बोलायचं आहे ते बातम्यांची टर उडवणाऱ्या कार्यक्रमांबद्दल. त्यात माझी एक जुनी चूकही आहे. ती शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही मध्येच चहाला उठणार नाही.

2003 साली ऑक्टोबरात आम्ही दोघं चिरंजीवांकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथे दुपारी चारला दिवेलागण होऊ लागली की करायचं काय, हा प्रश्न. शुक्रवारी रात्री मुलगा आणि सूनबाई न चुकता एक कार्यक्रम लावत. नाव 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'. पहिल्या शुक्रवारी मला निम्म्याहून अधिक विनोद कळले नाहीत. मग मी एक केलं. आठवडाभर तिथला पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू लागलो. तिसऱ्या शुक्रवारी मुलाच्या आधी मी हसलो! सौ. म्हणाल्या, "एवढा अभ्यास कॉलेजात केला असतात तर?"

तर या कार्यक्रमाची रचना सांगतो. मध्ये सूत्रधार, दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं. प्रश्न आठवड्याच्या बातम्यांवर. आवाज बंद केलेली चित्रफीत दाखवून बातमी ओळखायला सांगतात. चार चित्रांतलं वेगळं कोणतं, असं विचारतात. शेवटी मथळ्यांतले गाळलेले शब्द भरायचे असतात. त्यात एक मथळा कुठल्यातरी आडवळणाच्या मासिकातला असतो. गुण दिले जातात, पण त्या गुणांना कुणीही किंमत देत नाही. प्रश्न म्हणजे नुसती खुंटी, गप्पा टांगण्यासाठी.

बीबीसीवर हा कार्यक्रम 28 सप्टेंबर 1990 रोजी सुरू झाला. त्याची कल्पना 1977 पासून रेडिओवर चालत आलेल्या 'न्यूज क्विझ'वरून घेतलेली. दोन संघांचे कप्तान पहिल्यापासून तेच, इयान हिस्लॉप आणि पॉल मर्टन. मर्टनने 1996 मध्ये एकदा सुट्टी घेतली, हिस्लॉपचा मात्र एकही भाग चुकलेला नाही. हिस्लॉप 1986 पासून 'प्रायव्हेट आय' या उपहासात्मक पाक्षिकाचा संपादक. बदनामीचे खटले म्हणजे त्याच्या घरचं कार्य. मर्टन विनोदी नट. रंगमंचावर येण्यापूर्वी तो रोजगार कार्यालयात नोकरी करत होता, म्हणजे आपल्यासारखाच फायलींचा माणूस. एकाला प्रत्येक बातमीची कुंडली पाठ. दुसरा भोळा चेहरा करून असं काही विचारतो की कुंडली फाटून जावी.

आता आपण मराठी माणसांनी विचार करावा, ही जोडी कुठे पाहिली आहे? अहो, तमाशाच्या बतावणीत! तिथेही एक शहाणा आणि एक सोंगाड्या. शहाणा सरळ गोष्ट सांगायला जातो आणि सोंगाड्या ती उलटी करून त्यातलं खरं बाहेर काढतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि सोंगाड्या त्यांना गावच्या पाटलाच्या पातळीवर आणून बसवतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हेच करत. आणि ज्या उत्सवात आपण बसलो आहोत, त्याचाही इतिहास आठवा. 1893-94 च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव रुजला, तेव्हा त्यात मेळे असत. मेळ्यांच्या पदांतून चालू घडामोडींवर टोमणे असत आणि इंग्रज सरकारची त्यांच्यावर बारीक नजर असे. म्हणजे बाप्पासमोर बसून राज्यकर्त्यांची टर उडवणं हे आपल्याला नवीन नाही.

भोपाळच्या मंडळींना तर हे मी सांगायलाच नको. जुन्या शहरात दुकानांपुढच्या दगडी पटियांवर रात्री उशिरापर्यंत बसून शहराची, नबाबांची आणि मंत्र्यांची खिल्ली उडवणारी पटियेबाजी आपण पाहिली आहे. नवीन नवीन आलो तेव्हा पिपलानीहून बस धरून ती ऐकायला मी जात असे. त्या पटियांवर आणि त्या बीबीसीच्या टेबलावर मला फरक दिसला नाही, फक्त पान कमी.

आपल्याकडे टीव्हीवर असं झालं नाही असं नाही. दूरदर्शनवर 1989 मध्ये जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' आपण कॉलनीत एकत्र बसून पाहिला. अल्फा मराठीवरचं 'घडलंय बिघडलंय' लागलं की पलीकडच्या क्वार्टरमधला हशा आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येई. पण भट्टींचा खेळ नाटुकल्यांचा. चार माणसांनी एका टेबलाशी बसून, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मताने, आठवड्याच्या बातम्यांवर समोरासमोर हसणं ही गोष्ट निराळी. आपल्या वाहिन्यांवर संध्याकाळी चर्चा होते ती आठ चौकटींत आठ जण एकदम ओरडणारी. ती पाहून माझं रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा दमतं.

मग या खेळात गोडी कशाची? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी, की तो आपल्याला हुशार समजतो. पेपर न वाचता आलात तर हसता येत नाही. वाचून आलात तर सूत्रधाराआधी उत्तर आपल्या ओठांवर असतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. तीच दोन माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसलेली. आठवड्यात कितीही वाईट घडो, शुक्रवारी ती भेटणार. परगावी राहणाऱ्या माणसाला या सोबतीची किंमत कळते. आपण तरी इथे दर वर्षी कशासाठी जमतो?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तिथे कुणालाच सूट नाही. 1993 मध्ये मजूर पक्षाचे माजी उपनेते रॉय हॅटर्स्ली यांनी पाहुणे म्हणून यायचं कबूल करून तिसऱ्यांदा ऐनवेळी नकार दिला. तर त्यांच्या खुर्चीसमोर चरबीचा एक डबा ठेवला आणि 'सन्माननीय खासदार' म्हणून त्याच्यासह कार्यक्रम पार पाडला! आणि 2002 मध्ये तर खुद्द सूत्रधार अँगस डेटनच्या खासगी भानगडी वृत्तपत्राने छापल्या. दोन्ही कप्तानांनी त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर त्याला धुऊन काढलं. मर्टन ते पान छापलेला टी-शर्ट घालून आला होता. बारा वर्षं दुसऱ्यांची टर उडवणाऱ्याला ते निमूट ऐकावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची गच्छंती झाली आणि तेव्हापासून दर भागाला पाहुणा सूत्रधार येऊ लागला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं भाषण म्हणजे जाहिरात होईल. बोरिस जॉन्सन या कार्यक्रमात 1998 मध्ये पाहुणा म्हणून आला. हिस्लॉपने एका जुन्या फोन-संभाषणावरून त्याला सर्वांसमोर चांगलाच अडचणीत आणला. पण गडी विस्कटलेले केस घेऊन असा धांदरटपणा करी की लोकांना तो आवडू लागला. पुढे तो अनेकदा आला, सूत्रधारही झाला. 2008 मध्ये लंडनचा महापौर आणि 2019 मध्ये पंतप्रधान. याच कार्यक्रमाने त्याला मोठा केला, अशी टीका तिथे झाली. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. हसण्याने माणूस उघडा पडतो, तसा कधी कधी जवळचाही वाटू लागतो. म्हणून हसून झाल्यावर मत देताना डोकं शाबूत ठेवावं लागतं. ते काम सोंगाड्याचं नाही, आपलं आहे.

आता माझी चूक.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्याच मंडळात सहाव्या दिवशी असा एक कार्यक्रम होत असे. चार खुर्च्या, एक टेबल, कारखान्याच्या आणि कॉलनीच्या वर्षभरच्या बातम्या. तो बसवणारे डिझाईन खात्यातले माझे शेजारी. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. तेव्हा आपल्याला बीबीसी माहीत नव्हती. मास्तरांना फक्त बतावणी माहीत होती.

1998 साली मी खजिनदार होतो. त्या वर्षी मास्तरांनी प्रश्न टाकला, "गाळलेला शब्द भरा. यंदाच्या ताळेबंदात किरकोळ खर्च एक हजार एकशे चाळीस रुपये, तपशील अमुक यांनाच ठाऊक." समोरचा म्हणाला, "खजिनदारांना." मास्तर म्हणाले, "चूक. बाप्पाला. खजिनदारांना असता तर लिहिला नसता का?" सभागृह खो खो हसलं. मी उठून गेलो.

पुढच्या बैठकीत मी राजीनामा खिशात घेऊनच गेलो. म्हटलं, माझ्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवले. एकतर हा कार्यक्रम राहील, नाहीतर मी. सर्वांनी माझी समजूत काढली आणि कार्यक्रम बंद केला. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून ते आरतीला येत, प्रसाद घेत आणि घरी जात. भिंतीला भिंत लागून घरं, पण मुलांच्या लग्नाच्या पत्रिका आम्ही एकमेकांना पोस्टाने पाठवल्या.

बंधू-भगिनींनो, मी एक पैसाही खाल्ला नव्हता. पण मास्तरांनी तसं म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले होते, तपशील लिहिलेला नाही. आणि तो लिहिलेला नव्हता. सजावटीच्या सामानाच्या पावत्या माझ्याकडून हरवल्या होत्या आणि मी तो आकडा 'किरकोळ'मध्ये ढकलून मोकळा झालो होतो. विनोद खोटा असता तर मी हसलो असतो. तो बरोबर जागी लागला, म्हणून मी उठलो.

हे मला कळलं ते परक्या देशात, डेटनची गोष्ट मुलाकडून ऐकताना. परत आल्यावर मास्तरांना सांगायचं ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी तेरा वर्षं घालवली. 2016 मध्ये मास्तर गेले. वहिनी आज इथे समोर बसल्या आहेत. वहिनी, जे त्यांना सांगायचं राहिलं ते तुमच्यासमोर आणि बाप्पासमोर सांगतो. प्रश्न बरोबर होता. उत्तरही बरोबर होतं.

तेव्हा मंडळाला माझी विनंती आहे, हा कार्यक्रम पुन्हा सुरू करावा. तरुण मंडळी इथे आहेत, त्यांच्या जिभेला धार आहे. फक्त तीन पथ्यं पाळा. माहिती पक्की असू द्या. टर उडवायची ती खुर्चीवर बसणाऱ्यांची, ज्याला उलट बोलता येत नाही त्याची नाही. आणि जो सूत्रधार होईल त्याच्यावर पहिला प्रश्न.

पदाधिकाऱ्यांनी यायचं टाळलं, तर त्यांच्या खुर्चीवर डालडाचा रिकामा डबा ठेवावा. डबा मी देतो, आमच्या माळ्यावर आहे. आणि सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर 1998 चा ताळेबंद काढा. पहिल्या रांगेत माझी खुर्ची राखून ठेवा. या वेळी मी उठणार नाही.



गणपती बाप्पा मोरया!